लस फुकट आहे, मग मूल सुटतं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मनीषनगरात राहणाऱ्या एका ताईंकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचा नातू १४ महिन्यांचा झाला, पण त्याला गोवराची लस मिळालेली नाही. जन्म गोंदियाला, आईच्या माहेरी झाला. तिथे जन्मावेळच्या लसी आणि पेंटाचा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचा, पहिला डोस मिळाला, नागपूरला आल्यावर पुढचं काहीच झालं नाही. विचारलं तर मावशी म्हणतात, "तेव्हा ताप आला होता, मग राहिलंच." ताईंचं म्हणणं असं की लस फुकट आहे, दवाखाना वस्तीपासून जवळ आहे, मोबाइल सगळ्यांकडे आहे, तरी हे लोक मुलांना लस का देत नाहीत? शिक्षण कमी म्हणून की अंधश्रद्धा? आणि शहरात हे असं, तर गडचिरोली-मेळघाटात काय असेल?

मी रामटेक-पारशिवनी भागात एएनएम, म्हणजे गाव-वस्तीत काम करणारी सरकारी परिचारिका, म्हणून नोकरीला लागले, पुढे आरोग्य सहाय्यिका झाले आणि निवृत्तीनंतर नागपूरच्या वस्त्यांमध्ये लसीकरण करणाऱ्या मुलींना शिकवते. ताई, तुमची तळमळ खरी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट नीट पाहा. या बाळाला पेंटाचा पहिला डोस मिळालेला आहे. म्हणजे घरच्यांनी स्वतः त्याला नेलं, मांडीत सुई टोचू दिली. या घराचा लसीला विरोध नाही. लसीकरणाच्या कामात आम्ही दोन प्रकारची मुलं वेगळी धरतो. ज्यांना पेंटाचा पहिला डोससुद्धा मिळाला नाही ती 'झिरो डोस' मुलं, आणि सुरुवात होऊन मधेच गळालेली ती 'ड्रॉपआउट'. दोघांची कारणं वेगळी, उपायही वेगळे. तुमच्या मावशींचा नातू दुसऱ्या प्रकारातला. म्हणून पहिल्या सुईनंतर काय बिनसलं, ते शोधायला हवं. लोकांना लस का नको, हा प्रश्न या घराला लागू होत नाही.

आता आकडे. शहर पुढे आणि खेडं मागे, हा समज आता टिकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १२ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी पूर्ण लसीकरण झालेली देशभरात ७६.४ टक्के होती. त्यात ग्रामीण भाग ७६.८ आणि शहरी भाग ७५.५, म्हणजे खेडं किंचित पुढेच. महाराष्ट्र ७३.५ टक्क्यांवर, देशाच्या सरासरीखाली. आपण ज्याला मागास म्हणतो तो ओडिशा त्याच वेळी ९०.५ टक्क्यांवर होता. आपल्या राज्याने आधीच्या फेरीतल्या साधारण ५६ टक्क्यांवरून मोठी मजल मारली हेही खरं आहे, ते श्रेय काढून घेऊ नये. पण राज्याचा पैसा, मोठी इस्पितळं आणि डॉक्टरांची संख्या यांवरून लसीकरण ठरत नाही, हे या आकड्यांत स्पष्ट दिसतं.

खेडं पुढे का गेलं, हे मी जवळून पाहिलंय. सपाट प्रदेशात साधारण ५,००० लोकसंख्येला एक आरोग्य उपकेंद्र, आदिवासी भागात ३,००० ला. दर हजार वस्तीला एक आशा कार्यकर्ती, ती त्याच गावची सून. कोण गरोदर आहे, कोण बाळंतपणाला माहेरी गेली, कोणाचं बाळ नऊ महिन्यांचं झालं, हे तिला रजिस्टर न उघडता ठाऊक असतं. अंगणवाडीत लसीकरणाचं सत्र असलं की ती दारात जाऊन हाक मारते. शहरी आरोग्य अभियान २०१३ मध्ये आलं, खेड्यातल्या अभियानानंतर आठ वर्षांनी. शहरात एका एएनएमकडे साधारण १०,००० लोकसंख्या असते, आणि ती लोकसंख्या एका जागी थांबत नाही. भाड्याची खोली सहा महिन्यांत बदलते. हिंगण्याच्या एमआयडीसीत काम सुटलं की कुटुंब कळमन्याला जातं. आशाच्या यादीत नाव राहतं आणि घराला कुलूप.

तुमच्या मावशींच्या सुनेचं नेमकं काय झालं हे मी इथून सांगू शकत नाही. प्रत्येक घराचं कारण वेगळं निघतं. पण अशी मुलं ज्या वाटांनी सुटतात त्या ओळखीच्या आहेत.

पहिली वाट माहेरची. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. बाळाच्या कार्डावर आईचं नाव, तेही कधी माहेरच्या आडनावासकट, आणि बाळाचं नाव नसतंच, कारण बारसं व्हायचं असतं. सव्वा महिना, कधी तीन-चार महिने तिथे राहून ती सासरी येते. माहेरच्या एएनएमने तिचं नाव 'गाव सोडून गेली' म्हणून कमी केलेलं असतं. सासरच्या एएनएमच्या ड्यू लिस्टमध्ये, म्हणजे लस द्यायच्या मुलांच्या यादीत, ते कधी चढलेलंच नसतं, कारण गरोदरपणाची नोंद इथली नाही. दोन्हीकडची रजिस्टरं आपापल्या जागी बरोबर आणि बाळ दोन्हींच्या बाहेर. आता यू-विन या सरकारी लसीकरण पोर्टलवर ऑनलाइन नोंद होते, त्याने हे सुधारायला हवं. पण नोंद मोबाइल नंबरावर शोधायची आणि बाळंतपणात दिलेला नंबर भावाचा, तो आता बंद, असं सारखं घडतं. कार्ड हरवलेलं असेल तर अजूनच पंचाईत. मग आम्ही डाव्या दंडावर बीसीजीचा, म्हणजे जन्मावेळी देतात त्या क्षयाच्या लसीचा, व्रण शोधतो आणि आईला विचारतो, मांडीत किती वेळा टोचलं, तोंडात थेंब कधी दिले.

दुसरी वाट तापाची. सरकारी पेंटामध्ये डांग्या खोकल्याचा जो घटक असतो, त्याने बऱ्याच मुलांना एक-दोन दिवस ताप येतो, मांडी सुजते, रात्रभर रडारड होते. धरमपेठेतल्या खासगी बालरोगतज्ज्ञाकडे त्याच रोगांसाठी कमी ताप आणणारी, लोक जिला 'पेनलेस' म्हणतात ती लस मिळते, तिला हजारो रुपये पडतात. संरक्षण दोन्हींनी मिळतं. पण तापाची रात्र फक्त एकीकडेच जास्त येते, आणि ती ज्या घरात येते तिथे दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतली की मजुरी बुडते. ज्या आईला आधी कोणी सांगितलं नाही की ताप येईल, तो अपेक्षित आहे, पॅरासिटामॉल किती आणि कसं द्यायचं, ती पुढच्या वेळी येत नाही. तिचा निर्णय तिच्या अनुभवाला धरूनच असतो. म्हणून मी शिकवताना या एका गोष्टीवर सगळ्यात जास्त वेळ घालते. सुई टोचून झाली की आईला चार गोष्टी सांगायच्या: कोणती लस दिली आणि ती कशासाठी, काय त्रास होऊ शकतो आणि तेव्हा काय करायचं, पुढची तारीख कोणती, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणायचं. गर्दीच्या सत्रात चाळीस मुलं असली की सगळ्यात आधी हेच बोलणं कापलं जातं. आणि त्याचा परिणाम महिन्याभराने रिकाम्या रकान्यात दिसतो.

तिसरी वाट वेळेची आणि बाटलीची. ही बाहेरच्या माणसाला दिसत नाही, म्हणून जरा खोलात जाते. पेंटाची किंवा पोलिओची बाटली उघडली तरी नियमात बसत असेल तर चार आठवड्यांपर्यंत वापरता येते. गोवर-रुबेलाची, म्हणजे एमआरची, तशी नाही. ती पावडर असते, सोबतच्या द्रावणात मिसळायची, आणि मिसळल्यापासून चार तासांत संपवायची, नाहीतर टाकून द्यायची. त्यात जंतू वाढू न देणारं औषध नसतं, म्हणून उशीर झाला तर बाळाच्या जिवाला धोका होऊ शकतो. बाटली फोडली की तिच्यावर वेळ लिहावी लागते. आता समजा, सकाळी १० ला फोडली आणि २ ला टाकली. चार घरची पोळी-भाजी उरकून, बाळ घेऊन सून अडीचला पोहोचली. एक मूल, त्यासाठी नवी बाटली फोडायची, उरलेले डोस वाया जाणार. नियम स्पष्ट आहे: एका मुलासाठीही बाटली फोडा, डोस वाया गेले तरी चालतील, मूल परत पाठवू नका. पण वाया गेलेल्या डोसांचा हिशेब वर द्यावा लागतो, कधीकाळी कोणीतरी त्यावरून झापलेलं असतं, आणि मग तोंडातून निघतं, "पुढच्या सत्राला सकाळी या." पुढचं सत्रही सकाळचंच असतं. ती पुन्हा येत नाही. एमआर हा नऊ महिन्यांनंतरचा डोस, तोपर्यंत आई कामावर परतलेली असते. म्हणून ही गळती नेमकी गोवरावर येऊन बसते.

याला जोडून एक छोटी गोष्ट. पल्स पोलिओच्या रविवारी दोन थेंब मिळाले, करंगळीला शाई लागली की लसीकरण पूर्ण झालं, असं अनेक घरांत समजतात. घरोघरी विचारत गेलं तर "सगळं झालं" असंच उत्तर येतं. कार्ड बघितल्याशिवाय मी ते उत्तर धरत नाही, तुम्हीही धरू नका.

चौथी वाट नागपूरच्या कडेकडेची. दिवाळीनंतर वीटभट्ट्या सुरू होतात, छत्तीसगडहून कुटुंबंच्या कुटुंबं येतात आणि पावसाळ्याआधी परत जातात. बांधकामांवरची माणसंही तशीच. त्यांची मुलं महापालिकेच्या यादीत नसतात, ग्रामपंचायतीच्याही नसतात. कोणीतरी भट्टीवर जाऊन, संध्याकाळी थाप्याचं काम थांबल्यावर, मुलं मोजली तरच ती सापडतात.

नकाराबद्दल बोलायचं टाळत नाही. नकार असतो. काही वस्त्यांत असतो, काही समाजांत अधिक असतो, आणि काही उच्चशिक्षित घरांतही असतो, "नैसर्गिक प्रतिकारशक्ती" म्हणत. मुस्लीम वस्त्यांकडे बोट दाखवणं आपल्याकडे फार सोपं झालंय, म्हणून सांगते. पोलिओच्या काळात उत्तर प्रदेशात अफवा होत्या, लोक दार लावून घेत. पाण्याचे नळ नाहीत, गटार नाही, दवाखाना नाही, पण थेंब पाजायला माणसं वारंवार येतात, याचा संशय येणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं. तिथे जबरदस्तीने काम झालं नाही. वस्तीतल्याच बाया कामावर घेतल्या, इमामांनी आणि अलिगढ-जामियासारख्या विद्यापीठांतल्या लोकांनी साथ दिली, थेंबांबरोबर इतर आजारांची औषधंही दिली. नैसर्गिक विषाणूने झालेल्या पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधल्या हावड्याचा, आणि मार्च २०१४ मध्ये भारतासह आग्नेय आशिया विभागाला पोलिओमुक्त प्रमाणपत्र मिळालं. ज्यांना 'ऐकत नाहीत' म्हटलं जायचं त्याच घरांनी हे घडवलं.

उलट उदाहरण कोविडचं. १ मे २०२१ ला १८ ते ४४ वयोगटाला लस खुली झाली तेव्हा ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती. शहरातली मुलं मोबाइलवर खेड्यांतल्या केंद्रांचे स्लॉट घेऊन गाडीने तिथे जाऊन लस टोचून आली, आणि त्या गावची माणसं पाहत राहिली. पुढे नोव्हेंबरात 'हर घर दस्तक' म्हणून दारोदार जावं लागलं. लस तीच, किंमत शून्यच. फरक पडला तो दारापर्यंत कोण पोहोचतं याचा.

गडचिरोली-मेळघाटाचं विचारलंत. तिथली अडचण शहरापेक्षा वेगळ्या जातीची आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. लसीचा डबा २ ते ८ अंशांत ठेवायचा, त्यात चार बर्फाच्या पिशव्या, आणि एएनएमला नाला ओलांडून पायी जायचं. पण डबा पोहोचला की पाड्यावरची जवळजवळ सगळी मुलं सापडतात, कारण तिथे कोणीच अनोळखी नसतं. त्यामुळे लसीकरणाचा आकडा तिथे चांगलाही निघू शकतो, आणि तरी मुलं जातात. हा तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. लस मिळणं ही एक गोष्ट, मूल जगणं ही दुसरी. नवजात बाळ पहिल्या महिन्यात जातं ते कमी वजनाने, जंतुसंसर्गाने, गारठ्याने. त्यावर पेंटा-एमआरचा इलाज नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोलीत गावातल्याच बायांना घरी जाऊन नवजाताची काळजी घ्यायला शिकवलं आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ साली ते छापून आलं आणि आज देशभरच्या आशा जे गृहभेटींचं काम करतात त्याचं मूळ तिथे आहे.

एकच चुकलेला डोस प्रत्येक मुलाला सारखा महाग पडत नाही. भरल्या घरातल्या मुलाला गोवर झाला तर बहुतेक वेळा आठवडाभर ताप, पुरळ, आणि मूल उठतं. कुपोषित मुलाला झाला तर न्यूमोनिया, जुलाब, डोळ्यांवर परिणाम. म्हणून गोवर झालेल्या मुलाला लागोपाठ दोन दिवस जीवनसत्त्व अ देतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला, तसाच मालेगाव-भिवंडीला गोवर पसरला. दाट खोल्या, अशक्त मुलं आणि कोविडकाळात राहिलेले डोस हे तिथे एकत्र आलं होतं. गोवर रोखायला सुमारे ९५ टक्के मुलं सुरक्षित लागतात. शहराची सरासरी ९० असेल आणि राहिलेली सगळी मुलं चार गल्ल्यांत असतील, तर त्या गल्ल्यांना सरासरीचा काडीचाही उपयोग नाही.

आपल्या पूर्व विदर्भाचं एक उदाहरण मला फार लागतं. इथे आदिवासी आणि काही दलित, ओबीसी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आहे. सिकलसेलच्या मुलाची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते आणि न्यूमोकोकस नावाचा जंतू त्याला फार लवकर घेऊन जातो. त्याच्याविरुद्धची पीसीव्ही लस कित्येक वर्षं खासगीत होती, डोसमागे हजारो रुपये. म्हणजे ज्या मुलाला तिची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याच घरी ती परवडत नव्हती, आणि गरज कमी असलेल्या घरांत ती नेमाने दिली जात होती. २०२१ मध्ये ती सरकारी कार्यक्रमातून देशभर सुरू झाली. तुमच्या मावशींच्या घरात सिकलसेलची तपासणी झाली आहे का, हे जरूर विचारा. झाली नसेल तर करून घ्यायला सांगा.

शिक्षणाचा संबंध नाही असं मी म्हणत नाही. आईचं शिक्षण वाढतं तसं लसीकरण वाढतं, हे सर्वेक्षणांत सातत्याने दिसतं. पण शिकलेल्या आईला रजा मिळते, ती नर्सला उलट प्रश्न विचारू शकते, तिला परत पाठवायला लोक कचरतात. हे सगळं त्या 'शिक्षण' नावाच्या रकान्यात मिसळलेलं असतं. अशिक्षित आईला तिच्या सोयीची वेळ आणि नीट बोलणारी एएनएम मिळाली की ती चुकवत नाही, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय.

आता या बाळाचं. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. एमआर पाच वर्षांपर्यंत देता येते, ती लगेच द्यायची. सोबत जीवनसत्त्व अ चा पहिला डोस. पेंटाची सुरुवात वर्षाच्या आत झालेली असल्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही, राहिलेले दोन डोस किमान चार आठवड्यांच्या अंतराने द्यायचे. पोलिओ आणि बाकीच्या कोणत्या लसी वयात बसतात ते एएनएम कार्ड पाहून ठरवेल. एकाच दिवशी वेगवेगळ्या जागी दोन-तीन सुया दिल्या तरी चालतात, त्याला घाबरू नका. साधी सर्दी असली तरी लस थांबवायची नसते.

जवळच्या शहरी प्राथमिक आरोग्य केंद्रात सत्राचा वार आधी विचारून घ्या. गोंदियाचं कार्ड सोबत द्या. नसेल तर माहेरच्या आशाला फोन करून तिच्या रजिस्टरचा फोटो मागवा, बहुतेक जणी आनंदाने पाठवतात. "पुढच्या वेळी या" असं म्हटलं तर सुनेने शांतपणे सांगावं की नियमाप्रमाणे एका मुलासाठीही बाटली उघडायची असते, आणि तरी ऐकलं नाही तर तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटावं. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. ताप आला तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, ते प्रमाण तिथेच लिहून घ्यायचं.

तुमच्याकडून एक हवं. त्या दिवसाची आणि दुसऱ्या दिवसाची मावशींना भरपगारी सुट्टी द्या, म्हणजे रात्री बाळ रडलं तर सुनेला कोणीतरी सोबत असेल. जमलं तर सून ज्या घरी काम करते तिथेही तुम्हीच बोला. १६ महिने पूर्ण झाले की एमआरचा दुसरा डोस असतो आणि पेंटाच्या तिसऱ्या डोसानंतर सहा महिन्यांनी डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर. या दोन्ही तारखा पहिल्याच भेटीत कार्डावर लिहून घ्या आणि तुमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरही.